संरक्षण कुणाला होते?

लोणची, अगरबत्ती, मेणबत्त्या, काडेपेट्या, काचेच्या बांगड्या. नावे घेतली की बायकांचे हातच डोळ्यांपुढे येतात. लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या शेवटच्या २० वस्तूंत या सगळ्या होत्या. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने तेही आरक्षण काढले. १९६७ साली ४७ वस्तूंपासून सुरू झालेले आणि पुढे आठशेवर वस्तूंपर्यंत गेलेले धोरण तिथे संपले. मोठ्या कंपन्यांना रान मोकळे झाले.

आरक्षण होते तेव्हा सारे आलबेल होते, असे मी म्हणणार नाही. राखीव होती ती वस्तू. ती बनवणारीची मजुरी नव्हे. ठेकेदाराकडून माल आणून घरी अगरबत्ती वळणाऱ्या बाईला तेव्हाही ना हजेरी होती, ना बाळंतपणाची रजा, ना दर ठरवण्याचा अधिकार. संरक्षण मिळाले ते मालकाला.

याचे मूळ मला व्याख्येत दिसते. उद्योग किती लहान, हे आपले सरकार यंत्रांतल्या गुंतवणुकीवर ठरवते. २०२० पासून उलाढालही मोजते. २००६ च्या कायद्याने २५ लाखांपर्यंत यंत्रसामग्री असलेला कारखाना 'सूक्ष्म' ठरला. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा अडीच कोटी आहे. पोळपाट-लाटणे हेच जिचे यंत्र, ती पापडवाली आणि अडीच कोटींचा मालक आता एकाच रांगेत! बँकेच्या दारात आधी कोण पोचणार? आणि घरखेपेवर काम करणारी तर या रांगेतही नाही. ती ना उद्योजक, ना कामगार. तिच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार भारताने अजून स्वीकारलेला नाही.

म्हणून मैत्रिणींनो, 'लघुउद्योग वाचवा' एवढ्या घोषणेवर आपले भागणार नाही. नगाचा दर किमान वेतनाशी जोडला गेलाच पाहिजे. २०१८ पासून केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांच्या वार्षिक खरेदीत ३ टक्के वाटा स्त्रियांच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांचा आहे. त्याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागू या. मालकी खरोखर तिची, की नुसती सही तिची, हेही तपासू या. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड उभा केला, तो कष्टांसोबत मालकीही आपल्याच हाती ठेवून.

धोरण कुणाचेही असो, त्यात काम करणारी बाई मोजली आहे का, हा आपला पहिला प्रश्न असला पाहिजे.