चामड्याची सीट कोण पुसतो आणि हिशोब कोण ठेवतो?

"बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडायला सांगितले, अन् आमची पोरे साहेबाच्या गाडीतले चामडे पुसत बसली." गोंदिया, आमगाव, तिरोडा भागातल्या आमच्या अभ्यासवर्गांत हे वाक्य अलीकडे वारंवार ऐकू येते. बोलणारे बहुधा ज्येष्ठ असतात, आणि त्यांचा राग खोटा नसतो. समोर बसलेली पोरे गप्प राहतात, कारण त्यांतली कित्येक दिवसा वॉशिंग सेंटरवर काम करतात. गाडी धुतात, व्हॅक्यूम मारतात, सीट पुसतात, पॉलिश लावतात आणि संध्याकाळी हात धुऊन विहारात येतात. घरी विचारले तर "गॅरेजात आहो" एवढेच सांगतात. बारावी झालेला, बीए झालेला पोरगा आपले काम लपवतो, ही गोष्ट आम्हाला गंभीर वाटते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्याच विचारात शोधले पाहिजे.

आधी बाबासाहेब नेमके काय म्हणाले ते पाहू. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, गावाची हीन ठरवलेली कामे सोडा, असे सांगितले. लोकांनी ते ऐकले आणि गावोगावी ढोरे ओढणे बंद झाले. तेव्हा सवर्णांच्या बाजूने हिशोब मांडला जाऊ लागला. एका गावात वर्षाला इतकी जनावरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, हाडे, खूर विकले तर इतके रुपये मिळतात, हे उत्पन्न सोडायला लावून आंबेडकर आपल्याच लोकांचे नुकसान करत आहेत, असा तो प्रचार होता. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. त्यांच्या उत्तराचा मतितार्थ असा, की एवढा फायदा दिसतो तर हे काम तुम्हीच करा आणि पैसा तुम्हीच मिळवा.

या उत्तरात सगळे आले. कातड्यात पैसा आहे की नाही, हा त्यांचा वादच नव्हता. काम इतके फायद्याचे आहे तर ते एकाच जातीच्या गळ्यात का, आणि हिशोब मांडणारा स्वतः हात का लावत नाही, हा त्यांचा सवाल होता. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्येही त्यांनी हेच मांडले आहे. जात म्हणजे नुसती कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि त्या माणसांना एकावर एक रचलेली आहे. म्हणजे बाबासाहेबांचे भांडण कातड्याशी नव्हते. जन्माने लादलेल्या, नाकारता न येणाऱ्या कामाशी होते.

आता गाडीतल्या सीटकडे येऊ. चामड्याची जात वाटेत कशी बदलते, हे या सीटइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. जनावर मेले किंवा कापले गेले की त्याचे कातडे सोलावे लागते, मीठ लावून टिकवावे लागते, चुन्यात घालून केस काढावे लागतात, आतले मांस खरवडावे लागते. इथपर्यंत त्या कातड्याला दुर्गंध असतो आणि ते हाताळणाऱ्याला जात असते. मग ते टॅनरीत क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते, रंगवले जाते, त्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर चढतो, ते कापून शिवले जाते आणि शोरूममध्ये पोचते. तिथे त्याच कातड्याच्या वासाला 'नव्या गाडीचा सुगंध' म्हणतात. सेल्समन सीटवर हात फिरवून दाखवतो. कोणालाही विटाळ होत नाही. चामडे जसजसे मेलेल्या जनावरापासून दूर जाते तसतशी किंमत वाढते, आणि ज्याने पहिला सुरा लावला त्याचे नाव पुसले जाते.

हे पुसणे नेहमी शांतपणे होत नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधल्या उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या दलितांना गोरक्षकांनी मारहाण केली, त्यांना उना गावात नेले आणि गाडीला बांधून लोखंडी पाइपांनी, काठ्यांनी मारले. तो व्हिडिओ देशाने पाहिला. गाडीच्या आत चामडे असेल तर ती प्रतिष्ठा, आणि ते चामडे सोलणारा माणूस गाडीच्या बाहेर बांधलेला. जातिव्यवस्था समजावून सांगायला याहून वेगळे चित्र लागत नाही. त्यानंतर सुरेंद्रनगरमध्ये लोकांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. "तुमची आई आहे, तुम्हीच तिचे अंत्यसंस्कार करा" असा त्या आंदोलनाचा सूर होता. नागपूरच्या भाषणातला सवाल साठ वर्षांनी गुजरातच्या रस्त्यावर उतरला. एप्रिल २०१८ मध्ये उनाच्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला.

आपल्या राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायदा जनावरांच्या नावाने झाला, पण कातड्यावर पोट असलेल्या चर्मकार, ढोर, खाटीक आणि मुस्लिम कुरेशी कुटुंबांना त्याची झळ बसली. कातडे घेऊन जाणारा टेम्पो रस्त्यात अडवला जाण्याची भीती कायम झाली. लेदरच्या सीटवर बसून फिरणाऱ्याला मात्र कोणी अडवून विचारत नाही, की हे कुठल्या जनावराचे?

मग या साखळीच्या शेवटच्या टोकाला, वॉशिंग सेंटरवर, आपला पोरगा उभा असतो. तो काय पुसतो? ढोराचे रक्त नव्हे. सीटवर मालकाचा घाम असतो, मालकाच्या डोक्याचे तेल असते, त्याच्या जीन्सचा निळा रंग असतो, त्याच्या मुलांनी सांडलेले ज्यूस असते. मळ मालकाचा आणि कमीपणा पुसणाऱ्याला, हे गणित मनूचे आहे. ते आपल्या ज्येष्ठांनी आपल्या पोरांवर लावू नये, एवढी आमची नम्र विनंती आहे.

पण इथे थांबलो तर "कोणतेही काम हलके नसते" असे म्हणून मोकळे झाल्यासारखे होईल. हे वाक्य गांधीवाद्यांनी आपल्याला खूप ऐकवले. झाडूला पवित्र म्हणायचे आणि झाडणाऱ्याच्या हातातून तो कधी सुटू द्यायचा नाही, हा जुना कावा आहे. म्हणून काम हलके की भारी हे न विचारता आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे काम तुला नाकारता येते का? तुझे कौशल्य वाढले की तुझा दाम वाढतो का? आणि या कामामागचे ज्ञान तुझ्याकडे आहे की फक्त फडके तुझ्याकडे आहे?

पहिल्याचे उत्तर बहुतेक पोरे 'हो' असे देतात. हाच बाबासाहेबांच्या चळवळीचा विजय आहे. वॉशिंग सेंटर सोडून पोरगा उद्या धानाच्या मिलमध्ये जाऊ शकतो, पोलीस भरतीला बसू शकतो. त्याच्या आजोबाला ही सोय नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर मात्र पोरे अडतात, आणि खरी लढाई तिथे आहे. वर्णव्यवस्थेने आपल्याला घाण काम दिले एवढेच नाही, त्या कामाची विद्या आणि हिशोबही आपल्याकडून काढून घेतला. आजही "पुस, चमकव" एवढेच सांगितले जाते. डब्यावर काय लिहिले आहे ते मालक वाचतो, गिऱ्हाइकाला दर मालक सांगतो.

म्हणून कामाची विद्या इथेच मांडतो. ज्यांना उपयोग आहे त्यांनी ती घ्यावी आणि पुढे द्यावी.

गिऱ्हाईक 'लेदर सीट' म्हणतो तेव्हा ती बहुतेक वेळा लेदर नसते. बाजारातली बरीचशी कव्हरे रेक्झिनची किंवा पीयूची असतात, आणि मधल्या किमतीच्या अनेक गाड्यांत कंपनीही कृत्रिमच लेदर देते. सीटखालची मोकळी कड उलटून पाहा. मागे विणलेले कापड दिसले तर ते कृत्रिम, मोकळे केसाळ तंतू दिसले तर खरे चामडे. कृत्रिम सीटला महागडे लेदर कंडिशनर लावून काही मिळत नाही, ते आत जातच नाही. हे गिऱ्हाइकाला खरे सांगायचे. खोटे सांगून पैसे घेणे पंचशीलात बसत नाही, आणि धंद्यातही फार दिवस चालत नाही.

खऱ्या चामड्याचा स्वभाव किंचित आम्लधर्मी असतो. कपड्याचा साबण, निरमा, सोडा हे अल्कधर्मी असतात, त्यांनी वरचा थर मरतो आणि चामडे कडक होते. पेट्रोल किंवा थिनरने डाग जातो, पण सोबत रंगही जातो. आधी व्हॅक्यूम मारून शिवणीतली धूळ काढा, कारण धूळ राहिली तर फडके सँडपेपरसारखे घासते. मग चामड्यासाठीचा सौम्य क्लीनर सीटवर न ओतता मऊ ब्रशवर घ्या, थोड्या थोड्या भागावर हलक्या हाताने फिरवा, फेस आला की ओलसर मायक्रोफायबर फडक्याने पुसा. बारीक छिद्रांची सीट असेल तर पाणी कमीत कमी, नाहीतर ते आत फोममध्ये मुरते. शेवटी सावलीत वाळवा. उन्हात कधीच नाही.

आजकालच्या बहुतेक सीटवर पॉलियुरेथेनचा थर असतो, त्यामुळे कंडिशनरही फारसा आत मुरत नाही. सीट फाटते ती मळाने, घर्षणाने आणि उन्हाने. म्हणजे सगळ्यात मोठे काम स्वच्छतेचे आहे, क्रीमचे नाही. क्रीम लावायचेच तर अगदी पातळ लावा, थोडा वेळ ठेवा आणि कोरड्या फडक्याने उरलेले काढून घ्या. जास्त लावले तर सीट चिकट होते आणि धूळ धरते. पडलेली चीर क्रीमने भरत नाही, तिला फिलर आणि रंग लागतो. ते वेगळे काम आहे आणि त्याचा दरही वेगळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा काचेवर पडदा आणि सावलीतले पार्किंग कुठल्याही क्रीमपेक्षा मोलाचे. पावसाळ्यात बंद गाडीत बुरशी येते. ती कोरड्या ब्रशने गाडीबाहेर झाडायची, तोंडाला मास्क लावून. आणि केमिकल हाताळताना हातमोजे घातलेच पाहिजेत. मालक देत नसेल तर मागा, कारण कातडी आपलीही आहे, आणि तिला कंडिशनर लावायला कोणी येत नाही.

एवढे ज्याला कळते तो कारागीर झाला. त्याने दिवसाच्या मजुरीवर राहू नये. नुसते पुसण्याचा दर वेगळा, खोल सफाईचा वेगळा, डाग काढण्याचा वेगळा, असे दरपत्रक लिहून भिंतीवर लावावे. चार पोरांनी मिळून व्हॅक्यूम मशीन, ब्रश आणि साहित्य घेतले तर घरपोच सेवा देता येते. त्यासाठी मोठ्या दुकानाचे भाडे भरावे लागत नाही. भांडवलासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे अर्ज करा, आणि चर्मकार समाजाच्या मित्रांनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडे करावा. फाइल अडली तर संघटना कशाला आहे?

सरकारी योजना घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे, त्यात चर्मकारही आहे. कर्ज मिळते, अवजारांसाठी मदत मिळते, ती हक्काने घ्यावी. पण या योजनेची भाषा 'कुटुंबाच्या परंपरागत व्यवसायाची' आहे. तामिळनाडू सरकारने याच मुद्द्यावर आक्षेप घेतला आणि कोणालाही कोणताही व्यवसाय निवडता येईल अशी स्वतःची योजना आणली. आमची भूमिका तीच आहे. चर्मकाराच्या मुलीला संगणकासाठी आणि ब्राह्मणाच्या मुलाला चामड्यासाठी सारख्याच सहजतेने कर्ज मिळेल, त्या दिवशी ती कौशल्य योजना म्हणता येईल. तोपर्यंत ती अनुदान मिळालेली बलुतेदारीच आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या घरातला आहे. आम्ही ढोरे सोडली म्हणून आम्ही वरचे आणि जे अजून चामड्यात आहेत ते खालचे, ही भावना काही बौद्ध वस्त्यांत आजही आहे. ती बोलून दाखवली जात नाही, पण सोयरिकीच्या वेळी दिसते. १९४८ साली बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यात चोखोबा महार होते आणि रविदास चर्मकार. त्यांनी दोघांना एकाच पानावर ठेवले. आपण एका ताटात का बसत नाही?

तेव्हा तरुण मित्रांनो, सीट पुसण्याची लाज धरू नका, पण त्यातच आयुष्य संपवायचे असेही नाही. काम शिका, त्याचे शास्त्र शिका, दाम ठरवा, हिशोबाची वही आपल्या हातात घ्या, आणि संध्याकाळी पुस्तक उघडा. पुढची पिढी हे काम करेल की नाही, ते तिचे तिला ठरवू द्या. आणि ज्येष्ठांनो, पोरगा विहारात आला की त्याच्या हाताचा वास घेऊ नका. आज किती दाम मिळाला आणि तो कोणी ठरवला, ते विचारा.

जय भीम!