बॅरल एकच घ्या, पण मोटारसायकल त्यातून वगळा



येत्या मीटिंगला एक विषय येतोय. संस्थेनं 15 डब्ल्यू 40 डिझेल ऑइलचं एक बॅरल घ्यावं आणि त्यातूनच बोटीचं इंजिन, मासळीचा पिकअप आणि सगळ्यांच्या मोटारसायकली यांना ऑइल द्यावं, अशी मागणी आहे. ठोक दरात घेतलं तर लिटरमागं पैसे वाचतील, हा हिशेब बरोबर आहे. बोटीच्या डिझेल इंजिनाला आणि पिकअपला तेच ऑइल कंपनीनं सांगितलेलं असेल तर माझी काहीच हरकत नाही. मोटारसायकलला आहे. ती का, ते इथंच लिहितो, कारण मीटिंगला दहा जण एकदम बोलायला लागले की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.

आपली मासळी बोटीनं काठापर्यंत येते, पण बाजारापर्यंत ती मोटारसायकलच नेते. हिडकल धरणावरून असो, वेदगंगा-दूधगंगेच्या काठावरून असो, पहाटे मागं क्रेट आणि बर्फाची पेटी बांधून संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज गाठायचं. दोन माणसांपेक्षा जास्त वजन गाडीवर असतंय. गाडी वाटेत बसली तर बर्फ वितळतो आणि सातला शेर मारणारं गिऱ्हाईक दहाला मासळीला नाक मुरडतंय. तेव्हा हा विषय गॅरेजचा नाही, धंद्याचा आहे.

आता इंजिनाची गोष्ट. पिकअपमध्ये इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच कोरडा, ऑइलच्या बाहेर. आपल्या स्प्लेंडर, शाईन, प्लॅटिनासारख्या गाड्यांत तसं नसतंय. त्या एकाच लिटरभर ऑइलमध्ये पिस्टन, गिअर आणि क्लच तिघंही असतात. क्लच प्लेटा ऑइलमध्ये भिजलेल्या असतात, म्हणून त्याला ओला क्लच म्हणतात. स्प्रिंगच्या दाबानं प्लेटा एकमेकींना धरतात आणि इंजिनाची ताकद चाकाकडं जाते. म्हणजे ऑइलनं पिस्टनला गुळगुळीत ठेवायचं, पण प्लेटांची पकड मात्र सोडवायची नाही. एकाच डब्यातून दोन उलटी कामं.

नव्या कारच्या पेट्रोल ऑइलमध्ये पेट्रोलची बचत व्हावी म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. कारला ती चांगली. ओल्या क्लचला तीच नडतात, प्लेटा सटकायला लागतात. रिकाम्या गाडीवर सपाट रस्त्याला कळणारही नाही. निपाणीकडून भरलेली पेटी घेऊन तवंदीचा घाट चढताना कळतंय बगा: इंजिन ओरडतंय, गाडी मात्र पुढं सरकत नाही. सटकणारी प्लेट तापते, तापली की जळून तकतकीत होते, आणि तिचा चुरा त्याच ऑइलमधून गिअर-पिस्टनकडं फिरतो. लवकर ध्यानात आलं तर योग्य ऑइल घालून क्लच पुन्हा धरतो. उशीर झाला तर प्लेटा बदलाव्याच लागतात.

डिझेल ऑइलचं थोडं वेगळं आहे. "मी दोन वर्षं बोटीचंच ऑइल घालतोय, काय झालं नाही," असं सांगणारे आपल्यात आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. काही डिझेल ऑइलवर क्लच चालूनही जातो. पण ते ऑइल ओल्या क्लचवर तपासलंय याची खात्री डबा देत नाही. शिवाय मोटारसायकलचे गिअर ऑइलला चक्कीसारखं दळतात, त्यानं ते पातळ होत जातं. बॅरल सगळ्यांसाठी घ्यायचं म्हटल्यावर दोघातिघांच्या नशिबावर ते घेता येत नाही.

मग ओळखायचं कसं? बोटावर चोळून नाही. बाटलीच्या मागं इंग्रजीत जे-ए-एस-ओ, म्हणजे जासो, असं लिहिलेलं बघा. जपानी वाहन उद्योगाचं ते मानक आहे, 1998 पासूनचं, खास दुचाकीच्या चार स्ट्रोक इंजिनासाठी. त्याच्यापुढं एमए किंवा एमए-2 असेल तर ओल्या क्लचला चालतं. एमए-2 ची पकड जास्त. एमबी असेल तर ते ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचं, तिचा क्लच कोरडा असतो. मासळी विकायला स्कूटरवरून जाणाऱ्या आमच्या ताईंना ते ठीक आहे, पण घरात उरलेली तीच बाटली दादाच्या मोटारसायकलमध्ये ओतू नका. ज्या बाटलीवर जासोचं नावच नाही, ती आपल्या मोटारसायकलसाठी नाही असं समजा.

जाडपणाचा नंबर ही दुसरी गोष्ट. 10 डब्ल्यू 30, 20 डब्ल्यू 40, 20 डब्ल्यू 50 यातला कुठला ते गाडीच्या पुस्तकात असतंय. स्प्लेंडरला 10 डब्ल्यू 30, बुलेटच्या अलीकडच्या गाड्यांना 15 डब्ल्यू 50. वजन जास्त म्हणून आपल्या मनानं जाड ऑइल घालण्यापेक्षा तेच ऑइल थोडं लवकर बदलावं, हे माझं मत. पुस्तकातले किलोमीटर साध्या वापराचे असतात, बर्फाच्या पेटीचे नव्हेत.

बोटीला आउटबोर्ड असेल त्यांनी अजून एक ध्यानात ठेवावं. टू-स्ट्रोक आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू 3 ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून जळायचं असतं. ते मोटारसायकलच्या इंजिनात ओतायचं नाही, आणि जुन्या एक्सएल सुपरचं 2टी ऑइल आउटबोर्डला घालायचं नाही. मराठीत तेल म्हणा, कन्नडात एण्णे म्हणा, इंजिनाला नाव कळत नाही.

एक मात्र खरं, क्लच सटकला की प्रत्येक वेळी दोष ऑइलचाच नसतो. केबल फार ताणलेली असली तरी तो सटकतो. लिव्हरला टोकाशी बोटभर, एक-दोन सेंटिमीटर ढिलाई पाहिजे. घाटात अर्धा क्लच दाबून गाडी खेचायची सवय असेल तर कुठलंच ऑइल वाचवणार नाही. घर्षण कमी करणाऱ्या ज्या छोट्या बाटल्या दुकानदार गळ्यात मारतात, त्याही मोटारसायकलमध्ये नकोत.

म्हणून मीटिंगला माझी सूचना अशी राहील. बॅरल बोट आणि पिकअपपुरतं घ्यावं. मोटारसायकलसाठी जासो एमए-2 च्या सीलबंद बाटल्यांचे बॉक्स, पुस्तकात बसेल त्या दोन नंबरांत, पक्क्या बिलावर घ्यावेत. दर बॅरलपेक्षा जास्त पडेल, पण ठोकात घेतल्यावर दुकानापेक्षा कमीच. सुट्टं ऑइल नकोच, आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतंय. रिकामी बाटली भंगारात देताना भोक पाडून द्यावी, नाहीतर तीच भरून परत आपल्याकडं येते.

आणि काढलेलं जळकं ऑइल. काही जण घाटावरच गाडी उभी करून नट सोडतात आणि ते खाली वाहून जाऊ देतात. ते पाण्यावर पसरतं, काठाच्या उथळ पाण्यात जिथं पिल्लं असतात तिथंच. सरकारी नियमात ते घातक कचऱ्यात मोडतं. संस्थेच्या शेडमागं दोन कॅन ठेवतोय, झाकण लावून. ते भरले की नोंदणी असलेल्या खरेदीदारालाच द्यायचं. बॉक्सची ऑर्डर देण्याआधी आपल्या गाडीचं नाव, साल आणि पुस्तकातला ऑइलचा नंबर ग्रुपवर टाका. पुस्तक हरवलं असेल तर ऑइल भरायच्या झाकणावर किंवा त्याच्या आसपास नंबर कोरलेला आहे का बघा, त्याचा फोटो पाठवला तरी चालेल.