रॉकेट आकाशात, काँक्रीट कुणाच्या अंगणात?

जयंतीचे बॅनर अजून चौकातून उतरले नव्हते, तोच २० एप्रिलच्या संध्याकाळी आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरू लागला. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या बोका चिका नावाच्या किनाऱ्यावरून इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीचे 'स्टारशिप' रॉकेट पहिल्यांदा पूर्ण जोडणीसह उडाले. उंची सुमारे १२० मीटर, खालच्या टप्प्याला ३३ इंजिने. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न ५ च्या जवळपास दुप्पट जोर. जेमतेम ३९ किलोमीटर उंची गाठून ते गरगरू लागले आणि उड्डाणानंतर चार मिनिटांनी फुटले. कंपनीचे कर्मचारी टाळ्या वाजवत होते. स्फोटाला त्यांच्या भाषेत नाव आहे 'रॅपिड अनशेड्यूल्ड डिसअसेंब्ली', म्हणजे ठरलेले नसताना घाईने सुटे होणे. (वस्ती पाडली की तिला 'अतिक्रमण निर्मूलन' म्हणणाऱ्या देशात राहणाऱ्या आपल्याला अशा शब्दांचे नवल वाटायचे कारण नाही.)

आमच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. इंजिनिअरिंगला शिकणारी मुले भारावून गेली होती. स्फोट झाला तरी माहिती मिळाली, पुढच्या वेळी जमेल, हेच विज्ञान, असे त्यांचे म्हणणे. दुसरा तट जुन्या कार्यकर्त्यांचा. लोकांना खायला नाही आणि यांना मंगळावर जायचंय, हे त्यांचे उत्तर. दोन्ही तट आपलेच आहेत आणि दोघांशीही आम्हाला भांडायचे आहे.

आधी जुन्या सहकाऱ्यांशी. यंत्राला शिव्या घालणे ही बाबासाहेबांची वाट नाही. 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली आहे. त्यांचा मुद्दा असा, की यंत्रामुळे माणसाला जनावरासारखे राबण्यातून सुटका मिळते, फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती वाढत नाही. यंत्रयुगात जे वाईट घडते त्याचा दोष त्यांनी यंत्रावर न ठेवता खाजगी मालमत्ता आणि नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेवर ठेवला. ज्यांच्या बापजाद्यांनी हाताने मैला उचलला, त्यांनी 'यंत्र नको' म्हणणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तेव्हा 'आधी भाकरी, मग रॉकेट' एवढ्यावर थांबून चालणार नाही.

अमेरिकेतल्या काळ्या चळवळीलाही हा प्रश्न पडला होता. अपोलो ११ सुटायच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ ला, मार्टिन ल्युथर किंग यांचे वारसदार राल्फ ॲबरनाथी काही गरीब कुटुंबे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केनेडी अवकाश केंद्रावर धडकले. नासाचे प्रमुख थॉमस पेन बाहेर मैदानात येऊन त्यांना भेटले. उद्या बटण न दाबल्याने गरिबी हटणार असेल तर आम्ही बटण दाबणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले आणि काही कुटुंबांना उड्डाण पाहायला आत जागा दिली. ॲबरनाथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थनाही केली. त्यांचा राग रॉकेटवर नव्हता. देशाच्या प्राधान्यक्रमात गरीब कुठे आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्या दिवशी निदान विचारायला समोर सरकार होते, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता तरुण मित्रांशी. व्हिडिओत कॅमेरा वर गेला, म्हणून आपणही वरच पाहिले. खाली काय झाले? एवढ्या इंजिनांची आग झेलायला उड्डाणतळाखाली ज्वाला वळवणारा चर लागतो, पाण्याचा प्रचंड मारा लागतो. इथे दोन्ही नव्हते. असा चर न बांधण्याचा विचार आहे, पण ती चूक ठरू शकेल, असे स्वतः मस्क यांनी २०२० मध्येच लिहिले होते. पाण्याने थंड होणारी पोलादी प्लेट वेळेत तयार झाली नाही, तरी काँक्रीट एक उड्डाण सोसेल असे समजून रॉकेट सोडले. काँक्रीट फुटले आणि तळाखाली खड्डा पडला. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या म्हणण्यानुसार काँक्रीटचे तुकडे हजारो फूट उडाले, राज्य उद्यानाच्या हद्दीत साडेतीन एकरांवर आग लागली आणि काँक्रीटचा भुगा साडेसहा मैलांपर्यंत गेला. पोर्ट इझाबेल गावात घरांवर, गाड्यांवर करडी धूळ बसली. कुणाला इजा झाली नाही, आणि त्या खात्याला आपल्या हद्दीत मेलेले पक्षीही सापडले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण धोका पत्करायचा निर्णय एका कंपनीने घेतला आणि भुगा पोर्ट इझाबेलच्या माणसाने झाडला.

तिथे राहते कोण? जवळचे मोठे शहर ब्राउन्सव्हिल. तिथे दर दहा माणसांतली नऊहून अधिक लॅटिनो आहेत आणि ते अमेरिकेतल्या गरीब शहरांपैकी एक आहे. शेजारच्या साउथ पाद्रे बेटावर हॉटेले आणि पर्यटक. बोका चिकाला मात्र लोक गरिबांचा किनारा म्हणत आले, कारण गाडी थेट वाळूत नेऊन, गळ टाकून, पोराबाळांसह दिवस घालवायला तिथे पैसा लागत नाही. टेक्सासमध्ये १९५९ पासून कायदाच आहे की समुद्रकिनारा सर्वांना खुला. २००९ मध्ये लोकांनी मतदान करून हा हक्क राज्यघटनेतही घातला. आणि २०१३ मध्ये, कंपनी जागा शोधत होती तेव्हा, त्याच राज्याच्या विधिमंडळाने उड्डाणासाठी किनारा बंद करायची मुभा देणारा कायदा केला. २०२२ मध्ये केंद्रीय विमान प्रशासनाने वर्षाला ५०० तास बंदी मान्य केली, अपघात झाला तर आवराआवरीसाठी आणखी ३०० तास.

खुले करणारा ठराव कागदावर आणि पाण्यापर्यंतची वाट मात्र अडवलेली, हे आपण कुठे पाहिले आहे? १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, आणि तरीही १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर चालत जावे लागले. त्यानंतरही हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. बोका चिकाला आम्ही महाड म्हणत नाही. तिथे कुणाच्या स्पर्शाने समुद्र बाटत नाही, आणि अस्पृश्यतेची तुलना कशाशीही करून ती स्वस्त करायची नाही. पण 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ बलवानाच्या सोयीने कसा आकसतो, हे ओळखायला महाडच्या वारसांना शिकवणी लागू नये.

तिथले मूळनिवासी कॅरिझो-कोमेक्रूडो. रिओ ग्रांदे नदी जिथे समुद्राला मिळते तो हा परिसर त्यांच्या उत्पत्तिकथेतला पवित्र भूभाग आहे. अमेरिकन केंद्र सरकारची जमात म्हणून त्यांना मान्यता नाही, म्हणून त्यांच्याशी सल्लामसलत करायचे बंधनही सरकारवर तितके नाही. कागद नाही तर तुम्ही नाही! आपल्याकडच्या भटक्या-विमुक्त बांधवांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

यावर उत्तर येते, की कंपनीने रोजगार आणला. आणला. ब्राउन्सव्हिलमध्ये खूष असलेले लोक आहेत, नगरपालिका तर आहेच, आणि त्यांना भोळे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. मार्च २०२१ मध्ये मस्क यांनी तिथल्या शाळांसाठी दोन कोटी आणि शहराच्या जुन्या बाजारपेठेसाठी एक कोटी डॉलर देणगी जाहीर केली. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. हक्काचा किनारा गेला, बदल्यात दान आले. दान देणारा रक्कम ठरवतो, वेळ ठरवतो आणि उद्या बंदही करू शकतो. हक्क असा बंद करता येत नाही, किमान करता येऊ नये. शिवाय हा सगळा खेळ स्वतःच्या खिशातला आहे असेही नाही. चंद्रावर उतरणारे यान म्हणून याच स्टारशिपसाठी नासाने एप्रिल २०२१ मध्ये २८९ कोटी डॉलरचे कंत्राट दिले आहे. पैसा जनतेचा, निर्णय मालकाचा. १९६९ मध्ये ॲबरनाथींना भेटायला नासाचा प्रमुख बाहेर आला होता. आज पोर्ट इझाबेलच्या माणसाने कुणाच्या फाटकावर जायचे?

आपल्याकडचे अवकाश संशोधन सरकारी आहे, म्हणून छाती फुगवून घ्यायचीही गरज नाही. आंध्रातले श्रीहरिकोटा बेट हे यानादी आदिवासींचे घर. तिथे रॉकेट तळ उभा राहताना त्यांना उठावे लागले. चांद्रयानाच्या किती बातम्यांत तुम्ही 'यानादी' हा शब्द वाचला? आणि केंद्र सरकारचे नियम काढून वाचा. अ गटातल्या सर्वात खालच्या श्रेणीच्या वरची, संशोधन करणारी किंवा त्याला दिशा देणारी वैज्ञानिक पदे आरक्षणातून वगळण्याची मुभा त्यांत आहे. जमीन देणाऱ्यांत आदिवासी आहेच. जिथे निर्णय होतात त्या खोलीत मात्र आरक्षणाची सक्ती नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, रॉकेट जरूर पाहा. मिथेनवर चालणारे इंजिन कसे असते, ३३ पैकी तीन इंजिने उडतानाच का बंद होती, स्फोट घडवणारी सुरक्षा यंत्रणा सुमारे ४० सेकंद उशिरा का परिणाम करू शकली, हे सगळे शिका. ते शिकणारी आपली पोरे हवीतच, तिथे जाऊन बसणारीही हवीत. त्यासोबत एक दुसरा कागदही वाचा. १ मे २०२३ रोजी, कामगार दिनी, पर्यावरण संघटना आणि कॅरिझो-कोमेक्रूडो यांनी मिळून वॉशिंग्टनच्या केंद्रीय न्यायालयात विमान प्रशासनावर दावा दाखल केला. परवाना देण्याआधी परिणामांचा सखोल अभ्यास का केला नाही, एवढाच त्यांचा सवाल. रॉकेट पाडा असे त्यात कुठेही नाही.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात या महिन्यात आम्ही हाच दावा सोप्या मराठीत लावून वाचणार आहोत. २०२३ च्या त्या स्फोटानंतर मस्क दीड-दोन महिन्यांत पुढच्या उड्डाणाची तयारी होईल म्हणाले होते. बोका चिकावर तेव्हा खड्डा बुजवायचे काम सुरू होते.

जय भीम.