वय वंदना कार्डावर घरी आया मिळते का?

नाही. हा प्रश्न पुष्कळ लाभार्थ्यांच्या मनात असतो, म्हणून उत्तर आधी.

आपण सत्तरी ओलांडली असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालेल्या या सोयीला उत्पन्नाची अट नाही. मात्र हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरी सोडल्यानंतर 15 दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासण्या त्यात बसतात. आंघोळ घालणारी, कूस बदलून देणारी, रात्री संडासला नेणारी बाई बसत नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाची खरी परीक्षा तर घरी आल्यावरच सुरू होते. रात्री कुणाला उठवायला नको म्हणून पाणी कमी पिणारे आजी-आजोबा आपल्याही घरात असतील.

शासकीय कागदांत या कामासाठी ‘काळजीवाहक’ असा शब्द येतो. घरात तिला सून म्हणतात, मुलगी म्हणतात, नाहीतर ती स्वतःच साठी-सत्तरीतली पत्नी असते. तिला पगार नाही, सुट्टीही नाही. केरळच्या ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाला महिना 600 रुपये ठरवले आहेत. रक्कम तुटपुंजीच, पण या कामाची दखल तरी घेतली गेली. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा 79 वर्षांपर्यंत 200 आणि पुढे 500 रुपये आहे. राज्याची भर धरली तरी त्यात आया परवडणार नाही.

तरीही काही गोष्टी मागता येतात. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना 15 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र मोफत मिळते. घराबाहेर पडता येत नसेल, तर आरोग्य कर्मचाऱ्याने घरी येऊन पाहण्याची तरतूद राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्य कार्यक्रमात आहे. आशाताईंना किंवा उपकेंद्रात तसे सांगून ठेवा.

आबाळ होत असेल, तर 2007 च्या कायद्यानुसार मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. स्वतः जाता येत नसेल, तर विश्वासातल्या माणसाला अधिकार देऊन त्याच्यामार्फत अर्ज करता येतो. जो जेवायला वाढतो त्याच्याविरुद्ध अर्ज करणे अवघड, हे खरेच. त्याआधी नुसते बोलायचे असेल, तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक आहे.