रूळ आहेत, गाडी कुठाय?

दिवाळीत सावलीला गेलो होतो. पुण्याहून नागपूर, नागपूरहून एसटीनं उमरेड-भिवापूर-नागभीड-सिंदेवाही करत मूल, आणि मूलहून दुसरी एसटी. हा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना वेगळं काही सांगायची गरज नाही. ज्यांनी केला नाही, त्यांनी एवढंच समजा की पुणे-नागपूर हा त्यातला सोपा भाग आहे!

वाटेत एका रेल्वे फाटकावर बस थांबली. कोळशाची मालगाडी चालली होती. सवयीप्रमाणे मी डबे मोजले. अठ्ठावन्न. शेजारी बसलेले काका खिडकीतून बघत म्हणाले, "आपल्यासाठी गाडी नाही, अन् कोळशासाठी गाड्याच गाड्या हायेत बाबू!"

बसमधले दोघं-चौघं हसले. मीपण हसलो. पण ते वाक्य डोक्यात राहिलंच.

आता थोडा इतिहास. कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा, पण नका गाळू. आमच्या भागात रेल्वे आणली ती बंगाल नागपूर रेल्वेनं. १९०८ साली नागपूर-नागभीड मार्ग सुरू झाला. अडीच फुटी नॅरोगेज, म्हणजे खेळण्यातल्या गाडीची मोठी बहीण. पुढे हेच अरुंद रूळ नागभीडहून मूल, चांदा फोर्टकडे गेले. जंगल, चढउतार, कमी पैसा, त्यामुळे छोटे रूळ. त्या काळाच्या हिशेबानं बरोबरच होतं. १९९० च्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग ब्रॉडगेज झाला आणि थेट बल्लारशाला जोडला गेला. पुढे वीजही आली. नागपूर-नागभीड मात्र तसाच राहिला, डुगूडुगू चालत.

इंजिनिअरिंगला नागपुरात माझा रूममेट उमरेडचा होता. त्याचे बाबा इतवारीत एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहायचे. सकाळी छोट्या गाडीनं यायचे, संध्याकाळी परत. खिशात महिन्याचा पास. गाडी एसटीपेक्षा हळू होती, हे तेही कबूल करायचे. पण पासाचे पैसे पगाराला झेपायचे, आणि डब्यात रोजची मंडळी असायची. कुणी दूध घेऊन, कुणी भाजी, कुणी भिवापुरी मिरचीचं पोतं. मुंबईकर ज्याला "आमचा ग्रुप" म्हणतात, तोच प्रकार. फक्त डबे छोटे आणि भांडणं जरा सावकाश.

नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ही गाडी बंद झाली. आमची डिग्री संपून काही महिनेच झाले होते. बाबांनी थोडे दिवस बसनं येणंजाणं केलं, मग हिशेब घातला (माणूस हिशेबनीसच), आणि नागपुरात एक खोली घेतली. आता शनिवारी घरी जातात, सोमवारी परत. म्हणजे रूळ रुंद करायला घेतले आणि एका घराचे दोन भाग झाले. रुंदीकरण चूक होतं असं माझं म्हणणं अजिबात नाही. ते हवंच होतं. पण आमच्या धंद्यात जुनी सिस्टिम बंद करून "नवीन तयार झाली की कळवतो" असं क्लायंटला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट जाईल. मधल्या काळात लोकांनी काय करायचं, हा प्रश्न कुणाच्याच कागदावर नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ऑनसाइटला सोलमध्ये होतो. एका रविवारी चुनचॉन नावाच्या गावाला गेलो. डोंगर, नदी, बोगदे. या ग्यॉन्गचुन मार्गाची गोष्ट वाचली आणि मला आपलं नागभीड आठवलं. १९३९ साली सुरू झालेला एकेरी, वळणावळणाचा मार्ग. कॉलेजची पोरं सहलीला याच गाडीनं जायची, त्यामुळे एका पिढीच्या आठवणी तिला चिकटलेल्या. त्यांनाही तो दुहेरी आणि विजेचा करायचा होता. त्यांनी बऱ्याच ठिकाणी जुन्याच्या बाजूनं नवा सरळ मार्ग बांधला आणि तोवर जुनी गाडी चालू ठेवली. २० डिसेंबर २०१० ला जुन्या गाडीची शेवटची फेरी, २१ ला सकाळी नवीन लोकल सुरू. २०१२ मध्ये त्याच रुळांवर जलद गाडीही आली. आपल्याकडच्या स्लो आणि फास्टसारखं. सुटलेल्या जुन्या रुळांच्या काही भागावर लोक आता पायडलच्या गाड्या चालवतात आणि त्याचेही पैसे देतात!

लगेच कुणीतरी म्हणेल, अरे ते कोरिया, तिकडे पैसा आहे, टोकाला सोलसारखं अवाढव्य शहर आहे. मान्य. जुन्याच जागेवर रूळ रुंद करायचे तर गाडी बंद ठेवावी लागते, हेही मान्य. पण चुनचॉन म्हणजे काही मुंबई नव्हे. वस्ती तीन लाखांच्या आत. आपलं चंद्रपूर २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या वर होतं. मग फरक कशात आहे? माझ्या मते वेळापत्रकात.

हे जरा समजावून सांगतो. एकेरी मार्ग म्हणजे आमच्या भाषेत म्युटेक्स. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. समोरून दुसरी येत असेल तर एकीनं स्टेशनात बाजूला उभं राहायचं. समजा एक तुकडा पार करायला बारा मिनिटं आणि सिग्नल-बिग्नल धरून आणखी तीन. म्हणजे तासाला चार गाड्या, त्यासुद्धा दोन्ही दिशा मिळून. त्यात मालगाड्या, लांबच्या एक्सप्रेस आणि उरलं तर पॅसेंजर. बाजूला उभं कोण राहणार हे सांगायला नकोच.

म्हणून एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं गोंदिया-बल्लारशा या २४० किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. दुसरा रूळ आला की समोरासमोरची वाट बघणं संपतं. क्षमता दुप्पट नव्हे, त्याहून जास्त वाढते. पण खरा प्रश्न पुढेच आहे. वाढलेली क्षमता कुणाला मिळणार? आत्ताच कुणी विचारलं नाही, तर ती आपोआप कोळसा आणि खनिजाकडे जाईल. यात कुणाचं कारस्थान नाही. मालगाडी पैसे कमावते आणि पॅसेंजर गमावते, एवढा साधा हिशेब आहे. पण मुंबईची लोकल तरी कुठे नफ्याच्या हिशेबावर उभी आहे? १९२५ मध्ये विजेवर धावायला लागल्यापासून तिनं कमावलं ते शहर. तिकिटाच्या खिडकीवर ते दिसत नाही.

माझं मागणं छोटं आहे. बल्लारशा ते वडसा, सकाळी चार आणि संध्याकाळी चार छोट्या गाड्या. घड्याळात पाठ होतील अशा ठरलेल्या वेळेला. सिंदेवाहीची पोरगी चंद्रपूरला कॉलेज करून रात्री घरी जेवली पाहिजे. मूलच्या माणसाला चंद्रपुरात नोकरी लागली तर खोली घ्यावी लागू नये. आणि स्टेशनच्या बाहेर एसटी उभी हवी, कारण सावलीला रेल्वे नाही, गडचिरोलीला नाही. वडसा-गडचिरोली हा सुमारे ५० किलोमीटरचा मार्ग २०११-१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पातला. माझी शाळा, कॉलेज, पहिली नोकरी सगळं त्यानंतर झालं. मोठ्या मार्गाची वाट बघता बघता आहे त्या मार्गावर काय मागायचं हेच आपण विसरलो.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच मार्गावर चिचपल्लीजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. दुसरा रूळ म्हणजे त्यांच्या वाटेत दुसरा अडथळा. जंगलाच्या पट्ट्यात रुळांखालून रुंद वाटा आणि रात्री वेगाला लगाम, हे दुहेरीकरणाच्या खर्चातच धरायला हवं, नंतर बघू म्हणून नाही. वाघासाठी गाडी रात्री सावकाश गेली तर आमच्या लोकांची हरकत नाही. आम्हाला सकाळची हवी आहे.

असो. मी गाव सोडलं ते फक्त रेल्वे नाही म्हणून, असं म्हणणं खोटं होईल. सोडलंच असतं. पण माझ्याबरोबर शाळेत असलेल्या सगळ्यांनाच पुण्याला यायचं नव्हतं. काहींना फक्त पन्नास किलोमीटर जाऊन परत यायचं होतं.

त्या दिवशी मालगाडी गेली, फाटक उघडलं, बस सुरू झाली. काकांनी विचारलं, "तुम्ही पुण्यात काय करता?" म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये आहे. ते म्हणाले, "मंग रेल्वेच्या टाइमटेबलात आपलं काही बसवता येते का पाहा ना."

तेवढं माझ्या हातात नाही. लिहिणं होतं, ते केलं.