समिती मिळाली, पुढे काय?

खासदाराला संसदीय समिती मिळाली की चौकाचौकात अभिनंदनाचे फलक लागतात. तेथे बसून तो कोणता प्रश्न लावून धरणार, हे मात्र कोणी विचारीत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये दिग्विजय सिंह यांच्याकडे शिक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्षपद आले. ऑगस्ट २०२५ मध्ये या समितीने शिफारस केली, की खासगी उच्च शिक्षण संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि ओबीसींना २७ टक्के आरक्षण देणारा कायदा संसदेने करावा. त्याचा आधार असलेले कलम १५(५) ९३ व्या घटनादुरुस्तीने २००६ सालीच राज्यघटनेत आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते वैध ठरविले. तरीही शिफारस येईपर्यंत संसदेने असा कायदा केला नव्हता. २००६ चा कायदा केवळ केंद्रीय संस्थांपुरता!

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हीच खरी मेख आहे. मागे जनतेचा रेटा नसेल तर अहवाल धूळ खातो. म्हणून राखीव जागेवरून निवडून गेलेल्या प्रत्येक खासदाराला समाजाने विचारावे : तुमची समिती कोणती? तेथे तुम्ही काय मांडले? या शिफारशीसाठी सभागृहात किती वेळा उभे राहिलात? बाबासाहेबांनी मताचा अधिकार दिला, तो हा हिशेब मागण्यासाठीच.