परधाडेला आग नव्हतीच, मग धूर कसला? डब्यातली खरी आग कशी वाढते ते समजून घ्या

पाचोरा : 22 जानेवारी 2025, सायंकाळची वेळ. लखनऊहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस आपल्या तालुक्यात माहेजी-परधाडे दरम्यान थांबली. आग लागल्याची ओरड झाली, साखळी ओढली गेली, माणसं शेजारच्या रुळावर उतरली. तेवढ्यात दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्सप्रेस आली. तिथे वळण आहे, ब्रेक मारूनही गाडी थांबली नाही. किमान 12 जण गेले. आग कुठेच नव्हती.

मग लोकांना दिसलं काय? रेल्वेचा पहिला अंदाज होता, ब्रेक जाम झाला किंवा एक्सल तापला. गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. पाइपात हवेचा दाब असेल तोवर तो सुटलेला राहतो. साखळी ओढली की हवा निघते आणि ब्रेक लागतो. कधी एखाद्या डब्याचा ब्रेक सुटतच नाही. मग तो घासत जातो, ठिणग्या उडतात, जळका वास सुटतो. घाटात ट्रकचा ब्रेक तापल्यावर येतो ना, तसाच. हा धूर डब्याच्या खालून, चाकाजवळून येतो.

खरी आग बहुतेकदा आतून सुरू होते. शॉर्ट सर्किट, संडासात टाकलेली बिडी, चोरून नेलेला स्टोव्ह किंवा सिलिंडर. मदुराईत ऑगस्ट 2023 मध्ये उभ्या डब्यात सिलिंडरमुळेच 9 जण गेले. आधी गादीचा फोम, सामान धुमसतं. धूर छताला जमतो आणि वरून खाली उतरतो. वरच्या बर्थवरचा माणूस आधी गुदमरतो. जाळापेक्षा धूरच जास्त मारतो.

जानेवारी 2022 मध्ये नंदुरबारजवळ गांधीधाम-पुरी एक्सप्रेसची पॅन्ट्री पेटली. सकाळ होती, लोक जागे होते, कोणी दगावलं नाही. जानेवारी 2014 मध्ये डहाणूकडे डेहराडून एक्सप्रेसला आग लागली ती भर रात्री, तेव्हा 9 जण गेले.

म्हणून आत धूर दिसला तर वाकून, तोंडाला ओला रुमाल धरून शेजारच्या डब्यात जा. जाळ दिसला तर साखळी ओढा. उतरायचंच झालं तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूने. दार बंद असेल तर लाल रंगाची आपत्कालीन खिडकी असते, बसल्या बसल्या ती कुठे आहे ते बघून ठेवा.

एक गोष्ट मात्र प्रवाशांच्या हातात नाही. बहुतेक जनरल डब्यांत गाडी का थांबली हे सांगणारा स्पीकरच नसतो. तो आधी बसवा, हीच आपल्या भागातल्या प्रवाशांची रेल्वेकडे मागणी हवी.